नाईलवरची छोटी नाव आणि जुनी देवळं

वाचण्याआधी

एखादं देऊळ बांधणारी माणसं गेली. त्यातल्या देवाची पूजाही बंद पडली. मग त्या देवळाचं पुढे काय होत असेल? आधी तुमचा अंदाज वहीत लिहा आणि मगच पाठ वाचा.

छोटी नाव कशाला?

मित्रांनो, क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर दहा-बारा मजली जहाज येतं. पोहण्याचा तलाव, सिनेमा, तीन-चार हजार माणसं! पण आज आपण ज्या प्रवासाबद्दल वाचणार आहोत, त्यात जेमतेम पंधरा-वीस प्रवासी असतात. हा प्रवास इजिप्तमधल्या नाईल नदीवरचा आहे.

नाईलवर दोन प्रकारची जहाजं चालतात. पहिला प्रकार इंजिनाच्या मोठ्या जहाजांचा. त्यांत शंभराहून जास्त माणसं मावतात. दुसरा प्रकार 'दहाबिया' नावाच्या शिडाच्या नावेचा. तिला दोन डोलकाठ्या, दोन मोठी शिडं आणि थोड्याच खोल्या असतात. 'दहाब' म्हणजे अरबी भाषेत सोनं. त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. नावेच्या प्रमुखाला तिथे 'रईस' म्हणतात. आपल्या कोकणात त्यालाच 'तांडेल' म्हणतात.

आता एक गंमत पाहा. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, पण वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. त्यामुळे दक्षिणेला जायचं असेल तर शीड उभारायचं. उत्तरेला परतायचं असेल तर शीड उतरवायचं आणि प्रवाहाबरोबर जायचं. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतही हेच दिसतं. 'दक्षिणेला जाणे' या शब्दात शीड उभारलेली नाव काढायचे आणि 'उत्तरेला जाणे' या शब्दात शीड नसलेली.

वारा पडला तर दहाबियाला छोटी मोटारबोट ओढून नेते. म्हणजे हा प्रवास हळूच होतो. नावेवर लिफ्ट नसते, दुकान नसतं आणि इंटरनेट कधीही दगा देतं. मग लोक तिने का जातात? कारण मोठी जहाजं जिथे थांबत नाहीत, तिथे ही नाव थांबते. शिवाय मोठ्या जहाजांची सगळी माणसं एकाच वेळी देवळात शिरतात. तुम्ही सकाळी लवकर किंवा गर्दी ओसरल्यावर गेलात, तर भिंतीसमोर शांतपणे उभं राहता येतं. आणि या देवळांच्या भिंती वाचायला वेळ लागतो.

लक्सर ते आस्वान हे अंतर साधारण २०० किलोमीटर आहे. लक्सर शहर पाहून लोक गाडीने एस्ना गावी जातात आणि बहुतेक दहाबिया तिथूनच निघतात. वाटेत नाव किनाऱ्याला लागते आणि लोक उतरून एकेक जागा पाहून येतात. चला, आपणही एकेक थांबा घेऊया. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा : या देवळाचं पुढे काय झालं?

लक्सर : एकावर एक

लक्सरचं देऊळ साधारण ३,४०० वर्षांपूर्वी राजा आमेनहोतेप तिसरा याने बांधायला घेतलं. पुढे रामसेस दुसरा या राजाने त्यात भर घातली. दारात दोन उंच दगडी स्तंभ होते. त्यांतला एकच आता तिथे आहे. दुसरा १८३६ सालापासून पॅरिसच्या एका चौकात उभा आहे.

देव होता आमुन. दरवर्षी एका उत्सवात त्याची मूर्ती नावेत ठेवून कर्नाकच्या मोठ्या देवळातून इथे आणायचे. ही नाव पुजारी खांद्यावर घेऊन चालायचे. आपली पालखी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र लगेच कळेल.

पुढे इजिप्तवर रोमन लोकांचं राज्य आलं. इ.स. ३०० च्या सुमारास त्यांनी या देवळाभोवती लष्कराची छावणी केली. आतल्या एका खोलीच्या भिंतींवर गिलावा करून रोमन बादशहांची चित्रं काढली. मग ख्रिस्ती धर्म आला आणि देवळाच्या आवारात चर्च झालं. नंतर इस्लाम आला. तेराव्या शतकात तिथेच अबू अल-हज्जाज या सूफी संताच्या नावाची मशीद उभी राहिली. तोवर निम्मं देऊळ माती आणि पडक्या घरांच्या ढिगाऱ्याखाली गेलेलं होतं. मशीद त्या ढिगाऱ्यावर बांधली गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही माती उपसली, पण मशीद तशीच ठेवली. त्यामुळे आज खाली अंगणात उभं राहून वर पाहिलं, की मशिदीचं जुनं दार भिंतीत उंच लटकलेलं दिसतं. त्या दाराचा उंबरठा जिथे आहे, तिथे एकेकाळी जमीन होती!

माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. आमच्याकडेही असं होतं. जुनी सिस्टिम पुसून टाकत नाहीत, तिच्यावरच नवी बसवतात. काही वर्षांनी कोणीतरी आत डोकावतं आणि म्हणतं, "अरे, हे अजून चालू आहे?" लक्सरला तसंच आहे. या एका जागेत तीन हजारांहून जास्त वर्षं कोणी ना कोणी प्रार्थना करत आलं आहे. मशिदीत आजही नमाज होतो. संताच्या वार्षिक उत्सवात लोक रस्त्यातून मिरवणुकीने नावा नेतात. ते पाहून अनेकांना आमुनच्या नावेची आठवण होते.

एस्ना आणि एडफू : मातीने राखलेली

एस्नाला देऊळ शोधायला वर नाही, खाली पाहावं लागतं. मेंढ्याचं डोकं असलेल्या ख्नुम देवाचं हे देऊळ रस्त्यापासून सुमारे ९ मीटर खोल खड्ड्यात आहे. देऊळ खचलेलं नाही. गावच वर आलं. घरं पडत गेली, त्यांच्याच मातीवर नवी घरं होत गेली आणि जमीन उंच होत गेली.

देवळाच्या पुढच्या दालनात २४ खांब आहेत. शेकडो वर्षांच्या काजळीने ते आणि वरचं छत काळं झालं होतं. २०१८ पासून इजिप्शियन आणि जर्मन तज्ज्ञांनी मिळून ती काजळी साफ केली. तेव्हा खालून निळे, लाल, पिवळे रंग बाहेर आले. म्हणजे ज्या काजळीने रंग झाकले, तिनेच ते जपलेही होते.

तिथून पुढे एडफू. ससाण्याचं डोकं असलेला देव होरस याचं हे देऊळ. बांधकाम इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झालं आणि इ.स.पू. ५७ मध्ये संपलं. म्हणजे १८० वर्षं! पाया घालणाऱ्याच्या नातवाच्या नातवालाही कळस दिसला नसेल. (लक्षात ठेवा : इ.स.पू. मधली वर्षं उलटी मोजतात. २३७ आधी येतं, ५७ नंतर.)

पूजा बंद पडल्यावर हे देऊळ वाळूने भरत गेलं. इतकं भरलं, की गावकऱ्यांनी त्याच्या छपरावर घरं बांधली. १८६० मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ओग्युस्त मारिएत याने ते मोकळं करायला सुरुवात केली. खाली काय सापडलं? जवळजवळ अख्खं देऊळ! समोरचा दरवाजाच सुमारे ३६ मीटर उंच आहे, म्हणजे दहा-बारा मजल्यांएवढा.

पण भिंतींजवळ जाऊन पाहा. कितीतरी देवांचे चेहरे छिन्नीने खरवडलेले आहेत. हे काम नव्या धर्माच्या लोकांनी केलं असं मानतात. त्यांना त्या चित्रांची भीती वाटत असेल, किंवा राग येत असेल. चित्राची कोणाला भीती वाटते, म्हणजे त्या चित्रात अजून शक्ती आहे असं त्यालाही वाटत असतं, नाही का? नंतर वाळू चढली आणि खरवडणारे हात तिथे पोचेनासे झाले.

कोम ओम्बो : दोन देव, दोन दारं

एडफूनंतर नदीच्या दोन्ही काठांना खडक जवळ येतात. ही गबल अल-सिलसिला नावाची दगडाची प्राचीन खाण. कर्नाक, एडफू आणि कोम ओम्बो इथल्या देवळांसाठी दगड इथूनच नावांनी गेला. मोठी जहाजं सहसा इथे थांबत नाहीत. छोटी नाव थांबते. दगड कापल्याच्या खुणा अजून ताज्या वाटतात.

कोम ओम्बोचं देऊळ अगदी पाण्याच्या काठावर आहे. ते दोन देवांचं आहे, म्हणून मधोमध रेघ मारल्यासारखं सगळं दोन-दोन आहे. दारं दोन, गाभारे दोन. एका बाजूला मगरीचं डोकं असलेला सोबेक, दुसऱ्या बाजूला थोरला होरस. शेजारच्या छोट्या संग्रहालयात मगरींच्या ममी ठेवल्या आहेत. देवळाच्या आवारात एक खोल विहीरही आहे. तिच्यातल्या पाण्यावरून नाईलचा पूर किती आला ते मोजायचे. पूर बेताचा आला तर पीक भरपूर, आणि पीक भरपूर तर करही जास्त!

इथे देवळाचा शत्रू नदी होती. काठ ढासळत गेला आणि देवळाचा काही भाग वाहून गेला.

आस्वान : एक जुना अर्ज

आस्वान शहरासमोर नदीत एलिफंटाइन नावाचं बेट आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी इजिप्तवर इराणी बादशहाचं राज्य होतं. तेव्हा या बेटावर ज्यू सैनिकांची वस्ती होती. त्यांनी आपलं एक मंदिर बांधलं होतं. शेजारीच ख्नुमचं देऊळ होतं.

इ.स.पू. ४१० मध्ये ज्यूंचं मंदिर पाडलं गेलं. तीन वर्षांनी तिथल्या पुजाऱ्यांनी यहुदाच्या सुभेदाराला अर्ज लिहिला. ख्नुमच्या पुजाऱ्यांनी अधिकाऱ्याला हाताशी धरून आमचं मंदिर पाडलं, ते पुन्हा बांधू द्या, अशी त्यात विनंती आहे. पपायरसवर अरामी भाषेत लिहिलेला हा अर्ज सापडला आहे. पुढे परवानगीही मिळाली. आज त्या मंदिराचं फारसं काही उरलेलं नाही, पण कागद उरला. तुमच्यापैकी जे इस्राएलमध्ये राहतात, त्यांनी हा अर्ज शाळेत कदाचित ऐकला असेल.

आस्वानला एक ओळखीचं नावही भेटतं. पलीकडच्या टेकडीवर आगाखान तिसरे यांची कबर आहे. इस्माइली मुस्लिमांचे हे धर्मगुरू १९५७ मध्ये वारले. पुण्यातला आगाखान पॅलेस त्यांनीच १८९२ मध्ये बांधला होता. पुढे १९४२ ते १९४४ या काळात गांधीजी तिथे नजरकैदेत होते आणि कस्तुरबा तिथेच वारल्या. सुट्टीत पुण्याला गेलात तर जरूर पाहा.

फिले : लिपी विसरली गेली

शेवटचा थांबा फिले, इसिस देवीचं देऊळ. ते बेटावर आहे आणि तिथे फक्त मोटारबोटीने जाता येतं.

ख्रिस्ती धर्म देशभर पसरल्यावरही इथे जुनी पूजा चालू राहिली. इथल्या एका भिंतीवर चित्रलिपीतला एक लेख आहे. त्यावरची तारीख आपल्या कॅलेंडरप्रमाणे २४ ऑगस्ट ३९४ येते. तारीख माहीत असलेला हा चित्रलिपीतला शेवटचा लेख. तीन हजारांहून जास्त वर्षं चाललेलं लिखाण इथे थांबलं. सहाव्या शतकात बादशहाच्या हुकमाने देऊळ बंद झालं. मग त्यात चर्च झालं. खांबांवर कोरलेले क्रूस आजही दिसतात.

यानंतर साधारण १४०० वर्षं कोणालाही ती लिपी वाचता येत नव्हती. देवळं उभी होती, भिंती अक्षरांनी भरलेल्या होत्या, आणि लोकांना ती नुसती चित्रं वाटत होती. १८२२ मध्ये फ्रान्सच्या शांपोलियोंने ती लिपी उलगडली. त्याला मदत कशाची झाली? कॉप्टिक भाषेची. कॉप्टिक म्हणजे जुन्या इजिप्शियन भाषेचंच शेवटचं रूप. घरात, बाजारात ती बोलायचं लोक सोडून देत गेले, पण ख्रिस्ती लोकांनी चर्चच्या प्रार्थनेत ती राखली. ज्यांच्या पूर्वजांनी देवांचे चेहरे खरवडले, त्यांच्याच प्रार्थनेमुळे त्या देवांची नावं पुन्हा वाचता आली.

शाळेत कोणीतरी मला दरवर्षी विचारतं, "मराठी बोलता येतं, मग वाचायला का शिकायचं?" मी फिलेच्या या भिंतीबद्दल सांगतो. दगड हजारो वर्षं टिकतो. त्यावरचं वाचणारा माणूस टिकवावा लागतो.

दगड हलवले, गावं बुडाली

फिलेची गोष्ट इथे संपत नाही. १९०२ मध्ये आस्वानला धरण झालं आणि हे देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात राहू लागलं. लोक खांबांमधून होडीने फिरायचे. भिंतींवरचे रंग धुऊन गेले. मग १९६० ते १९७० या काळात त्याहून मोठं धरण बांधलं. वरच्या बाजूची अनेक देवळं कायमची बुडणार होती.

१९६० मध्ये युनेस्कोने जगाला मदतीची हाक दिली. अनेक देशांनी पैसे आणि माणसं पाठवली. भारतातूनही पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांचं पथक उत्खननाला गेलं होतं. अबू सिंबेलचं डोंगरात कोरलेलं देऊळ कापून सुमारे ६५ मीटर वर नेलं. फिलेभोवती बांध घातला, पाणी उपसलं, देऊळ सोडवलं आणि सुमारे ४०,००० दगड जवळच्या अगिल्किया बेटावर नेऊन जोडले. १९८० मध्ये हे नवं फिले लोकांसाठी खुलं झालं. प्रत्येक दगडावर क्रमांक, प्रत्येकाची नोंद, मग जोडणी. आमच्या कामात याला मायग्रेशन म्हणतात, आणि ते इतकं बिनचूक क्वचितच होतं!

पण त्याच पाण्यात नूबियन लोकांची गावंही गेली. एकट्या इजिप्तमध्ये सुमारे ५०,००० माणसांना घरं सोडावी लागली. त्यांना कोम ओम्बोजवळ, नदीपासून दूर नवी घरं मिळाली. त्यांनी नव्या गावांना जुन्या गावांचीच नावं दिली. देवळाचा दगड हलवता येतो. खजुराची झाडं, पूर्वजांच्या कबरी आणि दारातली नदी मात्र मागेच राहिली.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. भीमा नदीवर उजनी धरण झालं तेव्हा इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. दुष्काळात पाणी उतरलं की ते वर येतं आणि लोक पाहायला जातात. तिथलं गावही उठून दुसरीकडे गेलं. तुमचे आजी-आजोबा त्या भागातले असतील, तर त्यांना विचारा. त्यांच्या आठवणी कुठल्याही फलकावर लिहिलेल्या नाहीत.

किनाऱ्यावर उतरण्याआधी

• ऑक्टोबर ते एप्रिल हे महिने बरे. उन्हाळ्यात आस्वानला ४० अंशांच्या वर ऊन तापतं.
• मशीद किंवा चर्च पाहायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मशिदीत जोडे बाहेर काढायचे आणि मुली-बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची. नमाजाच्या वेळी आत फिरू नका.
• भिंतीवरच्या कोरीव कामाला हात लावू नका. एका हाताने काही होत नाही, पण रोज हजारो हात लागतात.
• माणसांचा फोटो काढण्याआधी त्यांना विचारा.
• कोणी 'बक्षीश' मागितलं तर दचकू नका. तिथे त्याचा अर्थ टिप असा आहे. आपल्या मराठीत तोच शब्द 'बक्षीस' होऊन स्पर्धेत मिळतो!

नवे शब्द

शीड – वाऱ्यावर नाव चालवण्यासाठी लावलेलं मोठं कापड
डोलकाठी – शीड बांधण्याचा नावेवरचा उंच खांब
काजळी – धुराचा काळा थर
खरवडणे – घासून किंवा टोकरून काढणे
छिन्नी – दगड कोरण्याचं हत्यार
गाभारा – देवळात मूर्ती असते ती आतली खोली
पुरातत्त्वज्ञ – जुन्या वस्तू आणि जागांचा अभ्यास करणारा
उत्खनन – जुन्या वस्तू शोधण्यासाठी केलेलं खोदकाम
नजरकैद – तुरुंगाऐवजी घरात ठेवून केलेली कैद

उत्तरं लिहा

१. शिडाची नाव नाईलमधून दक्षिणेला कशी जाते आणि उत्तरेला कशी?
२. माती, वाळू आणि काजळी यांनी कोणती देवळं राखली? कशी?
३. लक्सरच्या मशिदीचं जुनं दार इतक्या उंचावर का दिसतं?
४. चित्रलिपी उलगडायला कॉप्टिक भाषेची मदत का झाली?

बोला आणि ऐका

'हवा', 'दुकान', 'साबण' हे शब्द अरबीतही थोड्याफार फरकाने आहेत. तुमच्या वर्गात अरबी बोलणारं कोणी असेल, तर असे आणखी पाच शब्द शोधा.

घरी विचारा

तुमच्या कुटुंबाच्या गावातली एखादी जुनी जागा निवडा. देऊळ, मशीद, चर्च, सिनेगॉग किंवा लेणं, काहीही चालेल. ती कोणी बांधली, पुढे तिथे काय काय बदललं आणि आज तिथे कोण जातं, हे आजी-आजोबांना विचारा. दहा वाक्यं लिहून पुढच्या तासाला वाचून दाखवा.